रात्रीच्या रॉकेटसाठी च्यूट रिलीज: बसवायचं कसं, चुकतं कुठे आणि कोणी घ्यावं

जॉली लॉजिकचं च्यूट रिलीज हे साधारण काडेपेटीच्या आकाराचं, जेमतेम 20 ग्रॅम वजनाचं यंत्र आहे. हौशी मॉडेल रॉकेटच्या घडी घातलेल्या पॅराशूटभोवती त्याचा रबर बँड आवळायचा आणि बँडची पिन यंत्रात अडकवायची. रॉकेट वर जाऊन परत खाली येताना ठरवलेली उंची आली की पिन सुटते, बँड निसटतो आणि पॅराशूट उघडतं. उंची 100 ते 1000 फूट, 100-100 च्या टप्प्याने निवडता येते. आत हवेचा दाब मोजणारा सेन्सर आहे, बॅटरी मायक्रो-यूएसबीवर चार्ज होते. किंमत 130 डॉलरच्या आसपास. ज्या रॉकेटमध्ये ते बसवायचं, ते किट बऱ्याचदा याच्या निम्म्यात येतं. त्यामुळे घ्यावं की न घ्यावं हा प्रश्न साहजिक आहे.

दिवसाच्या उड्डाणांसाठी याच्यावर भरपूर लिहिलं गेलं आहे. इथे फक्त रात्रीच्या वापराचं बघू, तेही मोहावी वाळवंटातल्या लुसर्न ड्राय लेकसारख्या जागी. लॉस एंजेलिसहून दोन-अडीच तासांवरचं हे कोरडं तळं समुद्रसपाटीपासून साधारण 2,850 फुटांवर आहे. जमीन तव्यासारखी सपाट, वरची चिकणमाती वाळून भेगाळलेली. रॉकेट्री ऑर्गनायझेशन ऑफ कॅलिफोर्निया हा क्लब इथे उड्डाणं भरवतो. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या ज्या मराठी घरांत मुलं शाळेच्या अमेरिकन रॉकेट्री चॅलेंज स्पर्धेतून या नादाला लागली आहेत, त्यांना ही जागा नवी नसेल.

निकाल आधीच सांगतो. 1000 फुटांच्या वर जाणारं रॉकेट अंधारात उडवायचं असेल, तर ठिणग्या उडवणारी महागडी मोटर, मोठं पॅड (रॉकेट सोडायचा ओटा), कॅमेरा यांच्या आधी पैसे दोनच गोष्टींवर घालावेत: रॉकेट जवळ उतरवणं आणि ते दिसतं ठेवणं. पहिल्या कामासाठी च्यूट रिलीजइतकं सुटसुटीत दुसरं काही बाजारात नाही. दुसऱ्या कामासाठी लागणारे दिवे पाच-सहा डॉलरांत घरी होतात, ते पुढे येतीलच.

आधी परवानगीचं

अमेरिकेच्या विमान वाहतूक नियमांत हौशी रॉकेटचे वर्ग आहेत. वर्ग 1 म्हणजे 125 ग्रॅमपर्यंत इंधन, इंधनासकट एकूण वजन 1500 ग्रॅमपर्यंत, आणि बांधणी कागद, लाकूड किंवा तुटणाऱ्या प्लॅस्टिकची. वर्ग 2 त्याच्या वरचा. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात वर्ग 2 चं रॉकेट एफएएच्या, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या, पूर्वपरवानगीशिवाय उडवता येत नाही. वर्ग 1 ला वेळेची ही अट लागू नाही, पण रॉकेट कोणाला धोका होईल असं उडवू नये ही सगळ्यांनाच लागू आहे. कॅलिफोर्नियात राज्याच्या अग्निशमन खात्याचे नियम वेगळे आहेत. म्हणून एकट्याने गाडी काढून वाळवंटात जाऊ नका. क्लबचं रात्रीचं सत्र असेल तेव्हाच जा आणि त्यांच्या परवानगीत रात्र धरलेली आहे का, हे आधी विचारून घ्या.

इथे एक घोळ नेहमी होतो. ठिणग्या उडवणाऱ्या मोटरींमध्ये टायटॅनियमचा चुरा असतो. मोटरींचे वर्ग ताकदीप्रमाणे ए, बी, सी असे अक्षरांनी चढत जातात. ठिणग्यांची मोटर ‘जी’ (G) अक्षराची किंवा त्याहून लहान असली, तरी ती हाय पॉवरमध्ये, म्हणजे मोठ्या ताकदीच्या गटात, धरली जाते आणि तिच्यासाठी लेव्हल 1 चं प्रमाणपत्र लागतं. शिवाय पॅडभोवतीची मोकळी जागा दीडपट ठेवावी लागते आणि तिथलं जळण्याजोगं सगळं काढावं लागतं. तळ्याच्या मध्यावर ते जमतं. काठावर क्रिओसोटची झुडपं सुरू होतात, तिथे नाही.

जवळ उतरवणं म्हणजे नेमकं किती जवळ

उदाहरणार्थ 65 मिमी जाडीचं पुठ्ठ्याचं रॉकेट घ्या. मोटर जळून गेल्यावर वजन 400 ग्रॅम, 60 सेंटिमीटर व्यासाचं नायलॉनचं पॅराशूट, उंची 2000 फूट म्हणजे 610 मीटर. हे पॅराशूट त्याला सेकंदाला साधारण 6 मीटर वेगाने खाली आणतं. शेंड्यावरच, म्हणजे उड्डाणाच्या सगळ्यांत उंच जागी, उघडलं तर जमिनीवर यायला 100 सेकंद लागतात. वारा सेकंदाला 4 मीटर असेल, म्हणजे चेहऱ्यावर जाणवणारा पण टोपी न उडवणारा, तर रॉकेट 400 मीटर वाहत जातं.

च्यूट रिलीज 400 फुटांवर, म्हणजे 122 मीटरवर लावलं, तर शेंड्यापासून तिथपर्यंत रॉकेट गुंडाळलेल्या पॅराशूटसकट गडगडत सेकंदाला सुमारे 20 मीटरने पडतं. त्यात 24 सेकंद जातात. पुढचे 122 मीटर पॅराशूटवर, म्हणजे आणखी 20 सेकंद. एकूण 44 सेकंद, वाहणं 180 मीटरच्या आत.

400 आणि 180 हा फरक दिवसा पायपिटीचा असतो. रात्री तो शोधायच्या क्षेत्रफळाचा होतो. वरचा वारा आणि खालचा वारा वेगळ्या दिशांचे असले (सूर्यास्तानंतर इथे ते सर्रास असतात), तर रॉकेट कुठल्या बाजूला गेलं याचा भरवसा नसतो, आणि त्रिज्या सव्वादोन पटीने घटली की क्षेत्रफळ जवळपास पाचपटीने घटतं. हेडलॅम्पच्या उजेडात 20-25 मीटरपलीकडचं पडलेलं रॉकेट दिसत नाही. तेव्हा या पाचपटीची किंमत कळते.

बसवण्याची पद्धत

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. हे यंत्र रॉकेट उघडत नाही. नोज कोन (रॉकेटचं टोकदार नाक) ढकलून पॅराशूट बाहेर फेकायचं काम मोटरच्या इजेक्शन चार्जचंच, म्हणजे तिच्यात शेवटी उडणाऱ्या दारूचंच, असतं. च्यूट रिलीज फक्त बाहेर पडलेलं पॅराशूट बांधून ठेवतं. म्हणून मोटरचा डिले बरोबर निवडणं टळत नाही. सी6-5 या मोटरीच्या नावातला शेवटचा 5 म्हणजे डिले, इंधन संपल्यावर इजेक्शनपर्यंतचे सेकंद. डिले लांबला तर रॉकेट नाक खाली करून वेग धरतं आणि मग उघडतं. शॉक कॉर्ड (नोज कोन आणि नळी जोडणारी दोरी) नळीला उभी चिरत जाते, त्याला झिपर म्हणतात. रात्री शेंडा डोळ्याला दिसत नाही, त्यामुळे डिले चुकल्याचं कळतही नाही. ओपनरॉकेट या मोफत सॉफ्टवेअरमध्ये खरं वजन घालून उंची आणि डिले काढा, आणि तेच रॉकेट त्याच मोटरवर त्याच दिवशी उजेडात एकदा उडवा. दिवसा न उडालेलं रॉकेट रात्री पॅडवर नेऊच नये, याबद्दल आमचं मत ठाम आहे.

घडी घालताना पॅराशूट आधी झटकून सगळ्या दोऱ्या सुट्या करा. गोर (पॅराशूटचे त्रिकोणी पट्टे) एकावर एक आणून लांब त्रिकोण करा, तो उभा दोनदा दुमडा, मग टोकाकडून आडव्या घड्या घालत बोटभर जाडीचं पुडकं करा. दोऱ्या घडीच्या आत सैल नागमोडी ठेवा. पुडक्याभोवती गुंडाळू नका. गुंडाळलेल्या दोऱ्या बँड सुटल्यावरही पुडकं धरून ठेवतात, आणि अर्धवट उघडलेलं पॅराशूट हे या यंत्राबरोबरचं एक नेहमीचं अपयश आहे.

मग यंत्र पुडक्याच्या अंगाला लावून बँड फिरवा आणि पिन आत बसवा. बँडचा ताण असा हवा, की पुडकं हातात धरून झटकलं तर घडी सरकू नये, पण बँडखाली करंगळीचं टोक शिरावं. सोबत वेगवेगळ्या लांबीचे बँड येतात. लांब बँडला दोन वेढे देण्यापेक्षा आखूड बँडचा एक वेढा बरा, कारण दोन वेढ्यांचा बँड सुटताना स्वतःवरच अडकतो. यंत्र चालू करा, उंची निवडा, आणि पिन एकदा बोटाने चांगली ओढून बघा. ही ओढ विसरली जाते, तीच महागात पडते.

यंत्राची छोटी दोरी पॅराशूटच्या स्विव्हलला (दोऱ्यांच्या तळाच्या फिरत्या कडीला) बांधा. बँड सुटला की यंत्र फक्त तिच्यावर लोंबतं. दोरी वीतभर लांब ठेवली, तर लटकणारं यंत्र पॅराशूटच्या दोऱ्यांत शिरून गाठ मारतं. दोन-तीन बोटं पुरे.

नोमेक्सचं अग्निरोधक कापड इजेक्शनच्या धगीपासून पॅराशूट वाचवतं, पण ते कसं घालता याला महत्त्व आहे. पुडकं आणि यंत्र मिळून कापडावर ठेवा आणि कापड खालून वर, पदर घ्यावा तसं सैल ओढा. बँड कापडाच्या बाहेरून कधीही घालू नका. सगळं नळीत सरकवल्यावर रॉकेट उलटं धरून हलकेच हलवा. पुडकं आपल्या वजनाने खाली घसरलं पाहिजे. बोटाने ढकलून बसवावं लागत असेल, तर इजेक्शन चार्जलाही ते बाहेर ढकलताना जोर पडणार.

नळीच्या रुंदीचं म्हणाल तर बीटी-60 या मापाच्या नळीत, म्हणजे साधारण 41 मिमीत, हे पातळ पॅराशूटसोबत कष्टाने बसतं. 54 मिमी आणि त्याहून रुंद नळीत सहज. 41 मिमीहून बारीक रॉकेट असेल तर शेवटचं ‘कोणी घेऊ नये’ वाचून पैसे वाचवा.

घरी तपासणी करायला झाकणाची मोठी काचेची बरणी पुरते. झाकणाला भोक पाडून स्ट्रॉ घट्ट बसवा, बँड लावलेलं यंत्र आत ठेवा, उंची 100 फुटांवर, आणि तोंडाने हवा ओढा. या उंचीवर 100 फुटांचा फरक म्हणजे दाबात जेमतेम 3 ते 4 हेक्टोपास्कलचा फरक, त्यामुळे साध्या ओढीने यंत्राला आपण शेकडो फूट वर गेल्यासारखं वाटतं. हवा हळूहळू परत सोडा. पिन सुटली पाहिजे. प्रत्येक मोसमात एकदा आणि यंत्र जोरात आपटल्यानंतर हे नक्की करावं.

रात्रीची उंची किती लावावी

दिवसा 300 फूट ठीक. रात्री 400 लावावं. 20 मीटरच्या वेगाने पडताना 300 फूट म्हणजे साडेचार सेकंद आणि 400 म्हणजे सहा. पॅराशूट नीट फुलायला दोन सेकंद लागू शकतात. सूर्यास्तानंतर वाळवंटात तापमान झपाट्याने उतरतं, आणि थंडीत रबर आणि प्लॅस्टिक दोन्ही आखडतात. बँड सुटूनही पुडक्याला वेढलेलाच राहतो, पातळ प्लॅस्टिकचं पॅराशूट घडी धरून बसतं. त्यामुळे रात्रीसाठी नायलॉनच वापरा. प्लॅस्टिकचंच असेल तर घडी घालण्याआधी चिमूटभर टाल्कम पावडर चोळा आणि पॅडवर जाण्याच्या अगदी थोडा वेळ आधी घडी घाला, तासभर आधी नाही.

वाढीव सुरक्षेसाठी दोन यंत्रांचे बँड साखळीसारखे जोडता येतात. त्यातलं कोणतंही एक सुटलं की पुडकं मोकळं. किलोभराच्या पुढच्या रॉकेटला रात्री हे करणं शहाणपणाचं, कारण अंधारात वेगाने पडणारं न उघडलेलं रॉकेट लोकांना दिसत नाही. रॉड, म्हणजे पॅडवर रॉकेटला दिशा देणारी दांडी, गर्दीपासून दूर पाच अंश झुकवा. वाऱ्याच्या दिशेचा विचार त्यानंतर. फायबरग्लासच्या जड रॉकेटला मात्र नुसतं हे यंत्र लावू नये. ते गडगडताना 20 मीटरवर थांबत नाही, आणि 30-35 मीटरच्या वेगाने उघडलेलं पॅराशूट दोऱ्यांसकट फाटतं. तिथे शेंड्यावर लहान पॅराशूट आणि खाली आल्यावर मोठं सोडणारं दुहेरी पद्धतीचं अल्टीमीटर (उंची मोजणारं यंत्र) लागतं.

दिवे

च्यूट रिलीजची रात्रीची एक अडचण त्याच्या कामातूनच येते. पॅराशूट उघडं असेल तर रॉकेट संथ उतरतं आणि नोज कोनमधला दिवा दिसत राहतो. बांधलेल्या पॅराशूटसोबत मात्र नळी आणि नोज कोन कोलांट्या खात पडतात आणि एकच दिवा सेकंदाला दोनदा अंगाआड जातो. म्हणून दिवे दोन हवेत: एक नोज कोनजवळच्या पारदर्शक पेलोड नळीत, दुसरा मागच्या भागात, फिनच्या (शेपटीच्या पंखांच्या) वर, चकत्यांसारखा पातळ.

रंग हिरवा घ्या. अंधाराला सरावलेल्या डोळ्याला निळसर हिरवा सगळ्यांत जास्त जाणवतो. लाल दिवा गाड्यांच्या मागच्या दिव्यांत आणि टॉवरच्या दिव्यांत हरवतो, पांढरा तंबूंत आणि चांदण्यांत. मोहावीत चांदण्या इतक्या असतात, की स्थिर पांढरा ठिपका वर गेला की गेलाच.

विजेचं साधं गणित चुकतं ते इथे. सीआर2032 ही 3 व्होल्टची बटणाची बॅटरी. लाल एलईडीला साधारण 2 व्होल्ट लागतात, पांढऱ्या, निळ्या आणि भडक हिरव्या एलईडीला 3 च्या आसपास. एका बॅटरीवर हिरवा एलईडी टेबलावर झकास पेटतो, आणि थंडीत बॅटरीचा दाब जरा उतरला की पॅडवर अर्ध्या तासात मलूल होतो. दोन बॅटऱ्या एकीवर एक रचून 6 व्होल्ट करा आणि 220 ओहमचा रोध लावा. 12-13 मिलिअँपिअर जातो, संध्याकाळ आरामात निघते.

बॅटरीचा होल्डर रॉकेटच्या लांबीला आडवा बसवा. उभा बसवला, तर उड्डाणाच्या झटक्यात बॅटरी आपल्याच वजनाच्या दहापट जोराने मागे दबते, स्प्रिंग दाबली जाते, पुढचा संपर्क सुटतो, आणि दिवा नेमका वर जाताना विझतो. आडवा होल्डर आणि त्यावर कापडी टेपचा एक वेढा, एवढ्याने काम होतं.

उतरताना दिव्याकडे नीट बघितलं तर यंत्राचं काम डोळ्यांना दिसतं. हिरवा ठिपका आधी लुकलुकत, वाकडातिकडा, भराभर खाली येतो. मग एका जागी गचका बसतो, लुकलुक थांबते, आणि ठिपका घड्याळाच्या लंबकासारखा मंद झुलायला लागतो. तेच पॅराशूट उघडणं. गचका बसला नाही, तर त्याच क्षणी मोठ्याने ओरडून सगळ्यांना सावध करा.

शोधणं

अंधारात एकट्या दिव्याचं अंतर कोणालाच सांगता येत नाही. 80 मीटरवरचा आणि 300 मीटरवरचा ठिपका सारखाच दिसतो. म्हणून दोघांनी एकमेकांपासून 100 मीटरवर उभं राहायचं आणि रॉकेट टेकलं की जागेवरून न हलता होकायंत्राने दिशा घ्यायची. दोन रेषा जिथे छेदतात तिथे जायचं. यांतल्या एकाने उड्डाणाच्या क्षणी ज्योतीकडे बघू नये. एक-दोन सेकंदांच्या पांढऱ्या ज्योतीने डोळ्यांचा सराव मोडतो आणि तो पूर्ण परतायला 20 ते 30 मिनिटं जातात.

दिव्याच्या जोडीला दीड-दोन डॉलरचा पिझो बझर शॉक कॉर्डला बांधा. रात्रीच्या स्तब्ध हवेत त्याची किरकिर शंभर मीटरवरूनही ऐकू येते. रॉकेट भेगेत नाक खुपसून पडलं आणि दिवा जमिनीकडे वळला, तर बझरच वाट दाखवतो.

जीपीएस ट्रॅकरची शिफारस 3000 फुटांच्या वरच्या उड्डाणांसाठी. एगफाइंडर आणि फेदरवेट हे ट्रॅकर 900 मेगाहर्ट्झ पट्ट्यात चालतात, त्यांना परवाना लागत नाही. अल्टस मेट्रमचा टेलीजीपीएस 70 सेंटिमीटर पट्ट्यावर चालतो, त्याला हॅम (हौशी) रेडिओचा परवाना हवा. एगफाइंडर स्वतः डाग देऊन जोडायचं किट आहे, ज्याचा हात सोल्डरिंगवर बसलेला नाही त्याने तिथून सुरुवात करू नये. कोणताही घ्या, रॉकेट जमिनीवर पडलं की संदेशाचा पल्ला एकदम घटतो, त्यामुळे हवेत असतानाचं शेवटचं स्थान लगेच नोंदवून ठेवा.

गाडी घेऊन शोधायला निघू नका. तळ्यावर लोक जमिनीवर झोपलेले असतात, रॉकेटंही पडलेली असतात. झुडपांच्या कडेला उन्हाळ्यात मोहावी रॅटलस्नेक रात्रीच फिरतात, तेव्हा बूट घोट्याच्या वरचे हवेत आणि हात घालण्याआधी उजेड टाका.

पॅडवर

लाल उजेडाचा हेडलॅम्प डोळ्यांना बरा, पण मोटरचं लेबल त्यात वाचू नका. एस्टेस कंपनीच्या मोटरींवर एका टप्प्याच्या मोटरीची छपाई हिरवी असते, वरच्या टप्प्याची जांभळी, आणि डिले नसलेल्या बूस्टरची (खालच्या टप्प्याच्या मोटरीची) लाल. लाल उजेडात हे रंग नीट ओळखू येत नाहीत आणि लाल छपाई बदामी कागदात विरून जाते. बूस्टर मोटर चुकून एकट्या रॉकेटमध्ये गेली तर इजेक्शनच नाही, मग च्यूट रिलीज तरी काय करणार? मोटरी उजेडातच निवडा आणि प्रत्येकीवर जाड काळ्या मार्करने आकडा लिहा. काळ्या पावडरच्या मोटरी दुपारी तापलेल्या गाडीत ठेवून रात्री गारठ्यात काढू नका. तापण्या-निवण्याने इंधनाला चिरा जातात आणि मोटर पॅडवरच फुटते.

रॉडच्या टोकाला टोपी आणि एक चमकती कांडी लावा. वाकलेल्या माणसाच्या डोळ्याला रॉड लागणं ही रात्रीची खरी भीती आहे. इग्नायटरच्या (मोटर पेटवणाऱ्या तारेच्या) क्लिपा एकमेकींना किंवा धातूच्या पत्र्याला टेकत नाहीत ना, हे मात्र पांढऱ्या उजेडात बघा. न पेटण्याची निम्मी कारणं तिथेच असतात. पेटलं नाही तर उड्डाणाच्या कंट्रोलरची चावी काढून 60 सेकंद थांबायचं, अंधारात ती 60 सेकंदं मोठ्याने मोजलेली बरी. पॅडपासून माणसांची अंतरं दिवसासारखीच: डीपर्यंत 15 फूट, ई ते जी 30 फूट, एच ते जे 100 फूट.

कोणी घेऊ नये

सी6-5 वर 600-700 फूट जाणारं हलकं रॉकेट असेल तर 130 डॉलर वाया. पॅराशूटऐवजी 5 सेंटिमीटर रुंद, मीटरभर लांब चकचकीत मायलरची पट्टी लावा. ती दोन डॉलरांत येते, रॉकेट पॅराशूटपेक्षा भरभर खाली येतं, आणि हेडलॅम्पच्या उजेडात पट्टी लांबूनही लकाकते. दुहेरी अल्टीमीटर आधीच वापरत असाल तरी याची गरज नाही. 300 ग्रॅम ते दीड किलोची पुठ्ठ्याची रॉकेटं, एफपासून एचपर्यंतच्या मोटरी, 1000 ते 3000 फूट: या पट्ट्यातल्यांनी मात्र जरूर घ्यावं. काळी पावडर हाताळायची नाही, वायरिंग नाही, आणि एकच यंत्र काढून पुढच्या रॉकेटला लावता येतं. एका संध्याकाळी चार रॉकेटं उडवणाऱ्याला किंमत चौघांत वाटली जाते.

त्यातल्या त्यात कुरकुर करण्याजोगं म्हणजे रबर बँड. वाळवंटातल्या कोरड्या हवेत ते लवकर कडक होतात आणि ओढल्यावर बारीक चिरा दिसू लागतात. चिरा दिसल्या की टाकून द्या, जादा बँड घट्ट झाकणाच्या डबीत सावलीत ठेवा. लुसर्नची धूळ पिठासारखी बारीक असते, ती पिनच्या भोकात जाऊन बसते. घरी आल्यावर कोरड्या मऊ ब्रशने भोक साफ करा, तेल किंवा ग्रीस घालू नका, धूळ त्यालाच चिकटते. दुसऱ्या गावी क्लबच्या उड्डाणांना विमानाने जाणार असाल, तर यंत्र हातातल्या सामानात न्या, लिथियम बॅटरी आहे म्हणून. मोटरी मात्र कुठल्याच सामानात नेता येत नाहीत, त्या तिथल्या विक्रेत्याकडून आधी सांगून मागवून ठेवाव्या लागतात.